हात लावू नये

तिकीट तीस रुपये, ज्येष्ठांना पंधरा.
"आपलंच गाव बघाला पैसं?" चांगुणाआते म्हणाली,
कनवटीची घडी सोडून वीसची नोट दिली
आणि परत आलेलं पाचाचं नाणं उलटसुलट करून पाहिलं.

गाव दीड एकराचं. नेरूळच्या सेक्टरांमागं,
खाडीचा चिखल अजून नाकाला कळतो तिथं.
पाच घरं, एक देऊळ, जाळी मारलेली विहीर,
आणि रस्ता असा लख्ख
की एकाही कोंबडीनं त्यावर कधी घाण केलेली नाही.

पाटी: आगरी कुटुंबाचे घर, अंदाजे १९५०.
तेव्हा आते सहा वर्षांची होती.
तिला अंदाजे काही आठवत नाही,
नेमकं आठवतं.
चूल उजव्या हाताला नव्हती,
वारा खाडीवरनं यायचा, धूर सगळा माजघरात भरला असता.
मुसळ असं टेकवत नाहीत, पोराच्या अंगावर येतं.
पडवीत दोरी आहे, बोंबील नाहीत.
"रिकामी दोरी बांधून ठेवलीन. लोक म्हनतील, मयत झालीय."

मी फोनमध्ये तिचं बोलणं साठवत होतो.
त्यामुळं ऐकत होतो की नाही, सांगता येणार नाही.

मागं मिठागर.
बारा फूट बाय पंधरा, सिमेंटचे बांध,
आत पांढरी खडी, कारण खरं मीठ पावसात टिकत नाही.
कडेला एक बाई, फायबरची.
डोक्यावर टोपली, लुगडं गुडघ्यापर्यंत, हसते आहे.

आते तिच्याभोवती फिरली,
सून बघायला गेलेल्या बाया फिरतात तशी.
लुगड्याची गाठ पाहिली. बरी.
टोपलीचा काठ पाहिला. बरा.
मग वाकली, इतकी की मी हात पुढं केला.
पुतळीची एक टाच उचललेली होती,
चालताना असते तशी.

"पाय बग हिचं."

तळवा गुळगुळीत, बदामी,
कागदातून नुकत्या काढलेल्या साबणासारखा.

"हिनं मीठ कवा वढलाच नाय."

आणि भर दुपारी, दोरीच्या अलीकडं,
आतेनं चप्पल काढली, बांधाला टेकून पाय वर केला.
मी एक्केचाळीस वर्षांचा. तिच्या हातचं जेवून वाढलो.
तिचा तळवा पहिल्यांदा पाहिला.
भेगांत बोटाचं पेर मावेल.
त्यात रात्री कोकमाचं तेल वितळवून ओतायचे, म्हणाली,
कढत, आणि तोंडात पदर धरायचा.

शिट्टी वाजली.
पहारेकरी पोरगा, वाशिमकडचा, छातीवर नाव: वैभव गोटे.
"आजी, हात लावू नका."
"हात कुठं लावलाय? पाय दाखवला."

तो हसला, मग तिथंच रेंगाळला.
म्हणाला, आत ते जातं आहे ना,
तसलंच आमच्या घरी आहे.
ड्युटी लागली त्या दिवशी आईला फोन केला,
जपून ठेव, हे म्युझियमात ठेवतात.
आई म्हणाली, मग डाळ कशावर भरडू?

बाहेर पडताना टेबलावर अभिप्रायाची वही.
आमच्या आधी कुणीतरी लिहिलेलं: खूप छान, पार्किंग कमी.
आतेला लिहिता येत नाही.
तिनं सांगितलं, मी लिहिलं:
चूल डाव्या हाताला हवी. मुसळ हलवा.

"पायाचा लिवलास?"
"नाही. लिहू?"

ती वहीकडं बघत राहिली.
मागं एका शाळेची रांग ताटकळत होती.

"नको. असूं दे.
कुनाचं तरी बरं ऱ्हावले."

पेन मी टोपण लावून ठेवत होतो,
तर तिनं ते काढून घेतलं.
"चूल कंच्या जागंला लिवलंस?"
मी बोट ठेवलं.
बोटाखालून तिनं एक रेघ ओढली,
वाकडी, कागद फाटेल इतकी दाबून.